पोटात राहिलेले पान

मित्रांनो, मी एक जुना, जाड तपकिरी कागदाचा लिफाफा आहे. चीनमधल्या शेनयांगच्या एका सूतगिरणीत तोंग यालिंग नावाची अठरा वर्षांची मुलगी कामाला लागली, त्याच दिवशी माझा जन्म झाला. तिचे कागद माझ्यात घातले, तोंडाला पट्टी चिकटवली, पट्टीवर गिरणीचा शिक्का मारला आणि मला लोखंडी कपाटात बंद केले. ज्याची फाइल त्याने ती कधी पाहायची नाही, असा नियमच होता.

त्या काळी गिरणीच आई आणि गिरणीच बाप. राहायची खोली, पाळणाघर, आंघोळीची तिकिटे सगळे तिथूनच मिळे. लग्नालासुद्धा गिरणीच्या परवानगीची चिठ्ठी लागे. यालिंगचे लग्न झाले, मुलगी झाली. दर वेळी एक कागद आणि वर नवी पट्टी. बाईचे अख्खे आयुष्य आपल्याकडे आहे, याचा मला भारी ताठा होता.

बावीस वर्षांनी गिरणी बंद पडली. कारकुनाने मला यालिंगच्या हातात दिले आणि बजावले, "थेट कामगार कार्यालयात न्या. वाटेत उघडलीत तर फाइल मेली समजा. मग पेन्शन विसरा."

ती निघाली थेटच. पण बसथांब्यावर मला मांडीवर घेऊन बसली आणि तिचा अंगठा हळूच पट्टीखाली गेला. मी हादरलो. शिक्क्याला असे नख लावायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

आधी स्वतःचा जुना फोटो बघून ती हसली. मग ते पान आले. एकोणीस वर्षांपूर्वी गिरणीतर्फे कॉलेजात शिकायला जाणाऱ्यांच्या यादीतून तिचे नाव गळले होते. गुण कमी पडले असतील, असे ती समजत आली होती. पानावर लिहिले होते, 'कामात चोख. पण मन थाऱ्यावर नाही. शिकायला पाठवू नये.' खाली वेइ उस्तादांची सही. त्यांनीच तिला हात धरून यंत्र शिकवले होते. दर नववर्षाला ती त्यांच्याकडे डंपलिंग घेऊन जाई. दोन बस आल्या नि गेल्या, ती उठलीच नाही. आणि हे विष मी इतकी वर्षे सांभाळले, म्हणून माझा ताठा तिथेच उतरला.

कार्यालयातली मुलगी म्हणाली, "मावशी, सील फुटलंय. पान न् पान खरं आहे असं जुन्या वरिष्ठाकडून लिहून आणा, वर गिरणीचा शिक्का."

गिरणीच बंद, म्हणून तिचा शिक्का शनिवारी मोडला जाणार होता. आणि वरिष्ठांपैकी हयात होते एकटे वेइ उस्ताद.

यालिंग मला घेऊन त्यांच्या घरी गेली. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचले. मग चष्मा काढून पुन्हा वाचले.

"हे मी लिहिलं?" त्यांनी आपल्या सहीवर बोट ठेवले. "तुटलेलं सूत तुझ्यासारखं जोडणारी दुसरी मिळाली नसती गं. म्हणून... आण इकडे, फाडून टाकतो."

"राहू द्या, उस्ताद. एक पान कमी भरलं तरी घेणार नाहीत."

त्यांनी पान न् पान खरे असल्याचे लिहून खाली सही केली. यालिंगने मला उचलले आणि दारात थांबून म्हणाली, "तेव्हा तोंडावर 'राहा' म्हणाला असतात ना, तर मी राहिले असते."

शुक्रवारी शिक्का बसला. पेन्शनसाठी तिची बावीस वर्षे वाचली. मी आता सरकारी कपाटात आहे, ते पानही माझ्यात आहे.

मित्रांनो, कुणाविषयी काही लिहाल, तर आधी त्याला वाचून दाखवा. पुढच्या नववर्षाला यालिंग डंपलिंग घेऊन वेइ उस्तादांकडे गेली का, ते मला ठाऊक नाही. तसले कागद माझ्यात कुणी घालत नाही.