बिजागरीकडे बघा

माझ्या सासूबाईंना माझं काम पसंत नव्हतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते काम आहे हेच त्यांच्या गळी उतरत नव्हतं. मी एका साप्ताहिकात शब्दांचं सदर लिहिते. कुठला शब्द कुठून आला, वाटेत त्याचा अर्थ कसा बदलला, असं. तळाला जागा उरली की माहितीचे चार तुकडे टाकते. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, जिराफाच्या लांबलचक मानेतही माणसाएवढीच सात हाडं असतात, वगैरे. सासूबाईंची उभी हयात इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेली. डॉक्टरांनी हात पुढे केला की नेमकं हत्यार त्या हातात ठेवायचं, हे त्यांचं काम. तिथून निवृत्त झालेल्या बाईला माझं लिहिणं म्हणजे नसती उठाठेव वाटायची.

"जिराफाला सात हाडं असोत नाहीतर सत्तर," त्या म्हणायच्या, "कुणाचं काय अडलंय?"

मी पुढचा शब्द शोधायला घ्यायची.

त्या दिवशी मात्र सकाळपासून माझ्या पायाला भिंगरी लागली होती. टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेला प्रश्न काढणारं माणूस हवं होतं आणि मला बारा वाजता भेटायला बोलावलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात घरात रंगकाम काढलेलं. बैठकीच्या खोलीत रंगारी शिडीवर, सगळं सामान मधोमध चादरीखाली, नवरा कामासाठी परगावी. एक चप्पल सापडली, दुसरी नाही. कात्रणांची फाईल सापडली तर चष्मा नाही. मी या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत.

"तू आधी एका जागी उभी राहा बघू," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे बघून मला गरगरायला लागलंय."

टॉवेल खांद्यावर टाकून त्या आंघोळीला गेल्या. घरात परका माणूस म्हणून त्यांनी बाथरूमची कडी लावली, तीही जोर लावून. एरवी आमच्याकडे ती कडी कुणी लावत नाही. दार नुसतं लोटायचं, पाण्याचा आवाज आला की बाकीच्यांनी समजून घ्यायचं.

चप्पल सोफ्याखाली मिळाली तेवढ्यात आतून काहीतरी खणकन पडलं. मग दारावर थापा. मग सासूबाईंचा आवाज, पण त्यांचा नसल्यासारखा.

"अगं ए! कडी... कडीची मूठ तुटून हातात आली. दार उघडत नाहीये."

मी धावले. दार ढकललं, ते जागचं हललं नाही. कडीचा दांडा चौकटीत रुतून बसला होता आणि त्याला धरायला आता काही उरलं नव्हतं. रंगारी ब्रश घेऊनच खाली आला.

"मावशी, दारापासून बाजूला व्हा," तो आत ओरडून म्हणाला, "लाथ घालतो."

"थांबा," मी म्हटलं. दार आत उघडणारं, बाथरूम हातभर रुंदीची, आणि सासूबाई दाराला पाठ लावून खाली बसल्या होत्या. दाराखालच्या फटीतून त्यांच्या गाऊनची कड दिसत होती. "आई, तुम्ही पलीकडे सरकता का जरा? नळापाशी?"

नुसता श्वास ऐकू येत होता, धावत आलेल्या माणसासारखा.

"आई?"

"मला उठता येत नाहीये," त्या म्हणाल्या. "हातपाय गार पडलेत. इथली हवा संपेल का गं?"

ज्या बाईसमोर रोज माणसांची पोटं उघडली जायची, आणि जिची पापणी लवत नसे, ती बाई मला हे विचारत होती.

"नाही संपणार. खाली फट आहे, वर झरोका आहे. हवा खेळतेय."

मी सुताराला फोन लावला. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, तास तरी लागेल म्हणाला. घड्याळाकडे बघितलं, मग बघितलंच नाही असं ठरवलं, मग पुन्हा बघितलं. रंगारी मागच्या गॅलरीत जाऊन झरोका पाहून आला. "काचेची एक पट्टी निघेल," तो म्हणाला, "पण मांजरही धड जाणार नाही त्यातून."

आत श्वास आणखी वाढला होता. धीर धरा, घाबरू नका, सगळं मी बोलून पाहिलं. त्याचा काही उपयोग होईना. मग मला जे येतं तेच मी बोलायला लागले. दुसरं मला काय येतं?

"आई, शेजारी बादली आहे ना? तिला हात लावा. हा बादली शब्द आपला नाही, पोर्तुगीजांचा. जहाजातून आला."

"आता हे कशाला?"

"हात लावला का?"

थोड्या वेळाने बादलीच्या कडीचा खुळखुळ आवाज आला. लावला होता.

"नळ आपला. नळ म्हणजे पोकळ बोरू, वेताच्या जातीचा. त्यातून पाणी वाहायला लागलं आणि नाव तेच राहिलं."

"पुढे?"

"साबण. काही म्हणतात पोर्तुगीजांनी आणला, काही म्हणतात त्याच्या आधीच अरबांकडून आला. हे भांडण अजून..."

"न मिटलेलं सांगू नकोस," त्या एकदम ओरडल्या. "पक्कं आहे तेवढंच सांग!"

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी दाराला कपाळ टेकवलं. पक्कं काय होतं? डोक्यात सगळं एकदम गर्दी करून आलं. "झुरळ डोकं तुटलं तरी काही दिवस जगतं," मी म्हणून बसले.

"इथे आहे का झुरळ?"

"नाही नाही! आई, समोर बघा. समोर काय आहे?"

"आरसा. त्यात कुणीतरी म्हातारी बसलीय."

"आरसा हा शब्द आदर्शपासून आला. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसाच. ज्यात बघून आपण स्वतःला नीट करतो तो."

"म्हणजे लोक आदर्श सून म्हणतात ती आरशातली?"

"तीच. म्हणून हाताला लागत नाही."

आतून जो आवाज आला तो हसण्याचा होता की खोकल्याचा, मला ठरवता आलं नाही. पण श्वासाची लय थोडी मोडली. रंगारी माझ्या कानाशी कुजबुजला, "ताई, बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत?"

"आतल्या."

"मग पिना त्यांनाच काढाव्या लागतील. मी हत्यार झरोक्यातून सोडतो."

मला ते अशक्य वाटलं. पण दुसरा मार्गही नव्हता.

"आई, आता बिजागरीकडे बघा. हाही पोर्तुगीज शब्द. त्यांची बिसाग्रा, आपली बिजागरी. किती आहेत?"

"तीन." मग जरा थांबून, "मधलीला गंज चढलाय."

"प्रत्येकीत एक उभी पिन आहे, बघा. ती खालून ठोकून वर काढायची. तुम्ही काढायची."

"मी?"

"तुम्ही."

रंगाऱ्याने शिडी गॅलरीत नेली. काचेची पट्टी निघाल्याचा आवाज आला. फडक्यात बांधलेली छिन्नी आणि हातोडी दोरीने खाली उतरत होती आणि तो वरून सांगत होता, "मावशी, हात वर करा. आणखी. घ्या."

बराच वेळ काही झालं नाही. माझा फोन पर्समध्ये थरथरत होता. मी तो काढला नाही.

मग आतून पहिला ठोका पडला. हलका, मोजून मारल्यासारखा. दुसरा. तिसरा.

"बोलत राहा गं," सासूबाई म्हणाल्या. "थांबू नकोस."

मी बोलत राहिले. डॉल्फिन झोपतो तेव्हा अर्धा मेंदू जागा ठेवतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा, तिथूनच तुम्हाला हातोडी मिळाली. पगार पोर्तुगीज, लिलाव पोर्तुगीज, कुलूप मात्र अरबी. त्यांच्याकडे ते कुफ्ल होतं, आपण वाटेत त्यातली अक्षरं उलटीपालटी केली. माझ्या घशाला कोरड पडली होती. ठोके चालू होते. एक पिन फरशीवर पडली. दुसरी पडली. मधली काही केल्या निघेना.

"गंज आहे," त्या म्हणाल्या. "तेल हवं." मग स्वतःशीच, "डोक्याचं तेल आहे की इथे."

त्या उठून उभ्या राहिल्या आहेत हे मला तेव्हा उमगलं. हातपाय गार पडलेली बाई फळीवरची बाटली शोधत होती.

तिसरी पिन पडली तेव्हा रंगारी शिडीवरून उतरून दाराशी आला. "मावशी, नळाकडे व्हा, भिंतीला चिकटून. झालात?"

"झाले. हळू कर, टाइल्स फोडू नकोस."

त्याने बिजागऱ्यांच्या बाजूने खांद्याने रेटलं. दार कडकड करत आत कललं आणि फटीतून आधी हातोडी बाहेर आली, मग सासूबाई. केस विस्कटलेले, हात तेलाने आणि गंजाने माखलेले. रंगाच्या उपड्या डब्यावर त्या बसल्या आणि पाणी मागितलं. अर्धा पेला सांडला, अर्धा प्यायल्या.

"लहानपणी आत्याच्या घरी लपाछपी खेळताना मी धान्याच्या कोठीत लपले होते," त्या म्हणाल्या. "वरून झाकण बसलं. सगळे मला सोडून जेवायला गेले." एवढंच. माझ्या नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं असं नंतर कळलं.

मी फोन काढला. बारा कधीच वाजून गेले होते. परत फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, आम्ही थांबलो होतो, पण दुसऱ्या बाई आल्या, बघू पुढे कधी. मी तिथेच जमिनीवर बसले.

"माझ्यामुळे गेलं ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. त्या वेळी खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, परत तोच नंबर लावला आणि ज्या आवाजात त्या एके काळी वॉर्डबॉयना हाकलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "मी तिची सासू बोलतेय. ती आली नाही, कारण ती मला बाहेर काढत होती. उद्या तिला भेटा." पलीकडचा काय बोलला कळलं नाही, पण त्याने उद्याची वेळ दिली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. त्यांनी चहा पाजला, नीट ऐकून घेतलं आणि त्या दुसऱ्या बाईंनाच ठेवलं. मला चार दिवस वाईट वाटलं. सदराचा मजकूर मी वेळेत दिला.

सुताराने दार दुरुस्तीला नेलं होतं. त्याच्या जागी आम्ही रंगाऱ्याची एक जुनी चादर लावली. आत जाणाऱ्याने गुणगुणायचं आणि बाहेरच्याने खाकरायचं, असा नियम ठरला. सासूबाईंना आंघोळ उरकायला कधी फार वेळ लागत नसे. आम्ही म्हणायचो, काय शिस्त आहे! त्या चादरीमागे मात्र त्या खूप वेळ पाणी ओतत राहिल्या. सावकाश. बेसूर गुणगुणत.

सुतार दार घेऊन आला आणि नव्या कडीची पुडी सोडू लागला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"ती परत घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसव. जमेल का?"

"चौकट बदलावी लागेल, आजी."

"मग बदल."