पायथ्याची फळी

चैत्र उलटून गेला होता, पण त्या उत्तरेच्या समुद्राला ते कोणी कळवलंच नव्हतं. धूसर, निळसर, निद्रामग्न असा तो हिमसागर अजून पांघरूण ओढून पडला होता. मग एका पहाटे क्षितिजावर केशराची एक रेघ उमटली, रेघेची नदी झाली, बर्फाला तडे गेले, आणि शुभ्र शुभ्र हिमखंड कुरकुरत, एकमेकांना ढकलत खुल्या पाण्याकडे निघाले. काठावरची भूर्जवृक्षांची राई रुपेरी अंगाने ते पाहत उभी राहिली. बाल्टिक समुद्राकाठच्या त्या चिमुकल्या गावात वसंत असा गडबड करतच येतो.

घरमालकीण दानुतेबाईंच्या माडीवर, उतरत्या छपराखालच्या भाड्याच्या खोलीत, निनाद भोयर जागा झाला तो गुडघे पोटाशी घेऊन. पलंग आखूड होता. म्हणजे चारचौघांच्या उंचीला पुरेसा होता. निनादच लांब होता. वर्ध्याच्या शाळेत दाराच्या चौकटीवर पहिल्यांदा कपाळ आपटलं, त्या दिवसापासून सगळं जगच त्याला थोडंथोडं आखूड पडत आलं होतं.

बास्केटबॉल हे त्याचं पोटापाण्याचं काम. एक तप तो चेंडूमागे परमुलूख हिंडला. द्राक्षमळ्यांच्या हिरव्या गावात एक हंगाम, वाळवंटाच्या पिवळ्या कडेला एक हंगाम, कोळशाने काळवंडलेल्या शहरात एक हंगाम. जर्सीचा रंग दरवर्षी नवा, पाठीवरचा आकडा जो उरेल तो. हंगाम सरला की हस्तांदोलन, गळ्यात क्लबचा गळपट्टा, आणि विमानतळाकडे जाणारी गाडी. ‘पुढच्या वर्षी ये’ असं आजवर एकाही गावाने त्याला म्हटलं नव्हतं.

आणि गावोगाव ते आखूड पलंग. पहिला करार झाला तेव्हा त्याने मोटार घ्यायचा विषय काढला होता, तर आई म्हणाली होती, “अंथरूण पाहून पाय पसरव, बापा.” आईचा शब्द पोराने इतका पाळला की पाय पसरायचे राहूनच गेले.

या गावात मात्र त्याला आशा लागली होती. बेकरीतली बाई त्याच्यासाठी काळा पाव बाजूला काढून ठेवी. म्हातारे कोळी भर रस्त्यात अडवून, त्याचा चुकलेला नेम त्यालाच समजावून सांगत, वर रागावत. परक्यावर कोणी इतकं रागावत नाही, असं त्याला वाटे. वय झालं होतं, गुडघे बोलू लागले होते, आणि मन एकच मागत होतं: एकदा तरी कुणी ठेवून घ्यावं. एकाच खिडकीतून दुसरा हिवाळा पाहावा. बस, एवढंच.

तो पलंग दानुतेबाईंच्या लग्नाचा. ओकच्या लाकडाचा, मधरंगी, जडशीळ. पायथ्याची उंच फळी त्यांच्या नवऱ्याने, काझिसने, स्वतःच्या हाताने कोरलेली: मधोमध सहस्रकिरण सूर्य, दोन्ही अंगांना पंख उघडलेले पक्षी. काझिस जाऊन बरीच वर्षं झाली होती. निनादचे थंडगार तळवे हिवाळाभर त्या लाकडी सूर्याला टेकलेले असत.

सामन्याच्या दुपारी घटकाभर झोपून घ्यायचं, ही खेळाडूंची रीत. अशाच एका मंद, मोतिया दुपारी दानुतेबाई इस्त्रीच्या चादरी घेऊन वर आल्या, आणि दारातच थांबल्या. एवढा थोरला पुरुष पाळण्यातल्या पोरासारखा मुटकुळं करून झोपला होता. त्यांनी पलंगाची लांबी नजरेने मोजली. चादरी खुर्चीवर ठेवून पावलं न वाजवता खाली गेल्या.

हंगामाचा शेवटचा सामना झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या व्यवस्थापकाने, रिमासने, त्याला बोलावून घेतलं.

“मन लावून खेळलास,” रिमास म्हणाला. “पण आम्हाला एक तरुण मुलगा मिळालाय. दुपारी मीच येतो गाडी घेऊन.”

निनाद हसला. हात पुढे केला. गळपट्ट्यासाठी मान वाकवली. हे सगळं त्याला पाठ होतं. पण या खेपेला लागलं. फार लागलं.

घरी आला तर जिन्यात ताज्या लाकडाचा वास. माडीवर दानुतेबाई गुडघे टेकून बसलेल्या, हातात करवत, पांढऱ्या केसांत सोनेरी भुसा. सूर्य आणि पक्षी कापून भिंतीला टेकवून ठेवलेले. पलंगाला आता पायथाच नव्हता. तिथे पलंगाइतक्याच उंचीचा बाक जोडलेला, आणि बाकावर लोकरीची नवी गादी.

“पुढच्या वर्षी सरळ झोपशील,” त्या म्हणाल्या. दोघांचंही इंग्रजी लंगडं, त्यामुळे एकमेकांना नीट समजायचं.

निनाद उंबऱ्यावरच बसला. मनातल्या मनात तो त्यांना मावशी म्हणे. ते आज तोंडावर आलं. “मावशी, त्यांनी नाही म्हटलं. आज जायचंय.” मग फळीकडे बोट करून म्हणाला, “ही मी परत बसवून देतो.”

दानुतेबाई फळीकडे पाहत राहिल्या. पक्ष्याच्या पंखातला भुसा त्यांनी हलकेच फुंकला.

“काझिसही उंच होता,” त्या म्हणाल्या. “जन्मभर पाय दुमडून झोपला, पण आपली कारागिरी कापू दिली नाही. हट्टी मेला.” मग त्यांनी नवी चादर झटकली. “पुढचं वर्ष क्लबचं असेल. आजची दुपार माझ्या घरची आहे. झोप.”

तो आडवा झाला. आधी गुडघे उघडले, बिचकत; मग पोटऱ्या, मग घोटे, मग टाचा. एकेक सांधा, एकेक हंगाम, एकेक गाव सैल होत गेलं. पाय पुढे जात राहिले, आणि त्यांना काही लागलं नाही. त्याला रडू आलं. ते पुसायच्या आत झोप आली, गाढ, निळी, तळ नसलेली.

उन्हं कलली. फाटकाशी गाडी येऊन थांबली, भोंगा वाजला. दानुतेबाई लगबगीने खाली उतरल्या आणि ओठांवर बोट ठेवून गाडीसमोर उभ्या राहिल्या.

“वाजवू नकोस,” त्या म्हणाल्या. “आमचा माणूस झोपलाय.”

“विमान चुकेल, बाई.”

“चुकू दे. दुसरं असेल.”

रिमासने माडीच्या खिडकीकडे पाहिलं, दानुतेबाईंच्या केसांतल्या भुशाकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. ज्या शब्दासाठी निनादने एवढे मुलूख पालथे घातले, तो ‘आमचा’ हा शब्द फाटकाशी बोलला गेला आणि त्याला ऐकूही गेला नाही.

वर, पिकल्या उन्हात, एक लांबलचक माणूस झोपला होता: सरळ, सैल, निवांत, उशापासून पायथ्यापर्यंत, आणि पायथ्याच्याही पलीकडे.