सगळ्या खिडक्यांना जाळ्या

दिवाकर पटवर्धन रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले आणि झाशीतच राहिले. खंडेराव गेटच्या पुढे त्यांचं बैठं घर होतं. घरात ते आणि जानकीबाई, दोघंच. मुलगी शलाका पुण्याला.

गेल्या उन्हाळ्यात कुरिअरवाले म्हणून आलेल्या दोघांनी भरदुपारी त्यांच्याच गल्लीतल्या एका म्हातारीच्या गळ्याला चाकू लावला आणि बांगड्या उतरवून नेल्या. तेव्हापासून दिवाकररावांना घरात चैन पडेना. त्यांनी वेल्डर बोलावून सगळ्या खिडक्यांना जाड जाळ्या जडवल्या, मागचं दार विटांनी बुजवलं, पुढच्या दाराला लोखंडी सरकतं गेट लावलं.

“अहो, एखादी जाळी तरी उघडती ठेवा,” जानकीबाई म्हणाल्या.

“उघडती ठेवायची तर बसवायची कशाला?”

नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला बँकेत निघाले. जानकीबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्या घरीच थांबल्या. दिवाकररावांनी बाहेरून कुलूप घातलं.

“दुसरी चावी मला देऊन जा ना,” त्या आतून म्हणाल्या.

“कुणी दमदाटी केली तर घाबरून देऊन टाकशील. तासाभरात येतो.”

बँकेत रांग लांब होती. त्यांचा नंबर जवळ आला तेवढ्यात शेजारच्या जयसिंगचा फोन आला. “भाईसाहब, फौरन आइए! घर से धुआँ निकल रहा है!”

इन्व्हर्टरनं पेट घेतला होता. शेजारी रचलेल्या गाद्या धुमसत होत्या. जयसिंग स्वयंपाकघराच्या खिडकीवर पहारीचे घाव घालत होता, पण वेल्डरनं काम चोख केलं होतं. जानकीबाई आतून गज धरून उभ्या होत्या. खोकत खोकत त्या त्याला म्हणाल्या, “भैया, ज़रा हटके मारो, काँच लग जाएगी।” थोड्या वेळानं गजांवरचे हात सुटले.

दिवाकरराव रिक्षातून उतरले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. जयसिंगनं त्यांच्या हातातून चावी घेऊन कुलूप काढलं. जानकीबाई खिडकीखालीच पडल्या होत्या. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. धुरानंच जीव घेतला होता.

तेराव्यानंतर शलाकानं बॅग भरता भरता विचारलं, “बाबा, आईनं चावी मागितली होती?”

त्यांना खोटं बोलता आलं असतं. घरात तेव्हा तिसरं कुणी नव्हतं.

“मागितली होती.”

शलाकानं बॅग बंद केली. स्टेशनवर सोडायला येऊ नका, एवढंच म्हणाली. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

दिवाकररावांनी त्याच वेल्डरला बोलावून जाळ्या कापायला लावल्या. मग ते गल्लीत घरोघर जाऊ लागले. एक खिडकी आतून उघडेल अशी करून घ्या, चावी घरातल्या माणसाच्या हाताशी ठेवा, असं सांगू लागले. लोक बसायला खुर्ची देत, चहा देत आणि खाली मान घालून ऐकत. जयसिंगनं दुसऱ्याच दिवशी जाळीला बिजागऱ्या लावून घेतल्या. बाकी कुणी काही केलं नाही.

कोपऱ्यावरच्या घरातली सून त्यांना म्हणाली, “चाचाजी, आपकी बात सही है। पर चोर आ गए तो?”

चहा तसाच ठेवून दिवाकरराव उठले, आणि त्यांनी पुढच्या घराची कडी वाजवली.