मास्तरांची पिशवी

तीस वर्षं बायकांची मापं घेऊनही शिंपीमास्तरांना बाई फक्त बाहेरून ठाऊक होती. छाती, कंबर, उंची, त्यापुढे अस्तर. त्यामुळे दवाखान्यातल्या सिस्टर जेव्हा म्हणाल्या, "मुलींना शिकवायला कापडाचं गर्भाशय शिवून द्या," तेव्हा मास्तरांचे कान तापले. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नव्हती. "दोन दिवसांत घेऊन जा," ते बोलून गेले.

सिस्टरनी चित्राचा कागद दिला होता. तो चारचौघांत उघडायचा कसा? मास्तरांनी घडी जराशी उचलून वरच्या दोन नळ्या नि दोन गोळे तेवढे पाहिले, कागद खिशात कोंबला आणि मनाशी म्हटलं, गर्भपिशवी म्हणजे शेवटी पिशवीच. लाल कापडाची, पाच किलो धान्य मावेल अशी दणकट पिशवी त्यांनी शिवली. तळाला एक तोंड, त्याला नाडी. वर दोन नळ्या आणि नळ्यांच्या टोकांना संत्र्याएवढे दोन गोळे, दुहेरी टाक्यांनी पक्के.

तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. "मास्तर, हे घेऊन शिकवायला जाऊ की गावाला?"

मागे काज करत बसलेली बायको उठली. तिने पिशवी उलटसुलट केली. "वाट एकच?"

"मग? लघवीला आणि बाळाला वेगवेगळ्या असतात की काय?"

"लघवीची वेगळी, बाळाची वेगळी! तीन पोरींचे बाप झालात आणि पत्ता अजून धड माहीत नाही!"

सिस्टरनी तोंडाला पदर लावला. मास्तरांनी टेप गळ्यातून काढला, पुन्हा घातला. मग हळूच विचारलं, "आणि केवढी असते?"

बायकोने मूठ पुढे केली.

"एवढीशी? तिन्ही पोरी यात होत्या?"

"नाहीतर काय तुमच्या कोटाच्या खिशात? बाळासोबत वाढते, मग पुन्हा आवळते."

मास्तर स्टुलावर बसले. तीन वर्षांपूर्वी बायकोची पिशवी काढली, तेव्हा कागदावर सही त्यांनीही केली होती. काय काढलं ते विचारलं नव्हतं. "मला वाटलं, पोटात केवढी पोकळी झाली असेल. म्हणून तर सहा महिने तुला दुप्पट वाढत होतो."

"तरीच माझे सगळे ब्लाउज उसवायला लागले!" बायको म्हणाली. पण ती तिथेच, त्यांच्या शेजारी टेकली. "विचारायचं ना. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

मग कागद उघडला गेला. बायकोने कात्री घेतली. मुठीएवढं गर्भाशय, उलट्या पेरूसारखं. बदामाएवढी दोन अंडाशयं. नळ्यांच्या टोकांना झालर. मास्तर अंडाशय झालरीला शिवायला गेले, तर सिस्टरनी हात धरला. "ते जोडायचं नाही. दर महिन्याला अंडं बाहेर पडतं, झालर ते झेलते."

"टाका न घालता?"

"टाका न घालता."

"आणि नेम चुकला तर?"

"तर त्या महिन्याला सुट्टी."

मास्तरांनी मान डोलावली. अंडाशयं त्यांनी दोन वेगळ्या दोऱ्यांवर, झालरीच्या तोंडाशी सैल लोंबती ठेवली.

तेवढ्यात पोस्टमन पँट न्यायला आला. टेबलाकडे बघून म्हणाला, "वा, बैलाचं मुंडकं झकास जमलंय!"

"बसा," मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं. "तुम्हाला पोरं किती?"

"दोन."

"मग वाटा किती, सांगा बघू."

पोस्टमन पँट न घेताच निघाला. मास्तर टेप हातात घेऊन दारापर्यंत त्याच्या मागे गेले. "अहो, लाजताय काय! मलाही आत्ताच कळलं!"