रामरावांच्या मोटारीचे वाल

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. अमरावतीत सहदेव मिस्त्रीच्या छपराखाली विटांवर टेकून असते. दुपारी वाऱ्यावर कापसाचे तंतू तरंगत येतात, माझ्या टपावर बसतात, आणि अर्धवट झोपेत मला वाटते, मी अजून चालतेच आहे.

नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीला उतारू नेणे हे माझे काम. माझ्याबरोबर अगदी माझ्यासारखीच दुसरी मोटार आली होती. मला भगवंतराव चालवीत, तिला त्यांचे धाकटे भाऊ रामराव. सकाळी आम्ही एकीमागे एक निघत असू. तिची धूळ मला लागे, आणि धुळीतून रामरावांचे गाणेही येई. मग रामराव तापाने गेले. त्यांच्या आईने, मैनाबाईंनी, ती मोटार गोठ्यात उभी करून तिच्यावर ताडपत्री घातली. रोज ताडपत्री उचलून त्या तिची काच पदराने पुसत.

पुढे लढाईच्या दिवसांत माझा दम गेला. इंजिनात वारा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी छोटी झाकणे असतात, त्यांना वाल म्हणतात. माझे वाल जळून गेले होते. नाल्यापलीकडच्या चढावर उतारूंना खाली उतरावे लागे. एकदा जमुना नावाची बाळंतीण तान्ह्याला घेऊन उन्हात तो चढ चढली. मला फार लाज वाटली.

सहदेवने अंगणात येऊन माझे इंजिन उघडले.

"मुंबईहून नवे वाल मागवू काय?" भगवंतरावांनी विचारले.

"लढाई चालू हाये, भाऊ. कवा येतीन, सांगता येत नाही."

"मंग हेड घासून पातळ कर. जोर वाढते म्हनतात."

हेड म्हणजे इंजिनाचा माथा. वाल त्यातच बसतात. सहदेवने माझ्या माथ्यावरून बोट फिरवले. "जोर वाढन, पन हे आधीच पातळ हाये. तडकून जाईन. हेड असंच राहू द्या, वाल अन् स्प्रिंगा तेवढ्या बदला. रामरावभाऊच्या मोटारीत कोऱ्या हायेत. मीच बसवून देल्या होत्या."

"अख्खं हेडच काढलं तर?"

"त्याले भेग गेली. पानी राहून गंजलं."

मैनाबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. "तिले कोनी हात लावाचा नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तीन दिवस मी उघडीच पडून होते. तोंडावर एक फडके होते. फडक्याखाली ऊन पिवळे होऊन येई आणि मला लांबच लांब रस्ते दिसत.

चौथ्या दिवशी जमुना आली. तान्ह्याचे अंग तापले होते.

"मोटार कवा निंघन, माय? अमरावतीच्या डाक्टरले दाखवा लागते. बैलबंडीनं दिवस जाईन."

मैनाबाईंनी बाळाच्या कपाळाला हात लावला. मग त्या गोठ्यात गेल्या, स्वतः ताडपत्री ओढून काढली आणि सहदेवला म्हणाल्या, "काढ. पन माह्यासमोर काढ."

एकेक वाल सहदेवने त्यांच्या पदरात ठेवला. आठ झाले. ते पुसून त्यांनी एकेक करून परत दिले. सहदेवने घासायचा मसाला लावून प्रत्येक वाल माझ्या माथ्यात फिरवत, घासत, नीट बसवला. त्या घर्रघर्रीत मला गुंगी आली.

संध्याकाळच्या आत आम्ही निघालो. चढावर कोणीच उतरले नाही. मैनाबाई जमुनेशेजारी बसल्या होत्या, बाळाच्या कपाळावर ओले फडके धरून. इंजिनाचा आवाज ऐकत त्या म्हणाल्या, "रामराव असाच चढवे." भगवंतरावांनी गिअर बदलला. डॉक्टरांनी बाळाला दोन दिवस ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी मीच त्याला घरी नेले.

त्यानंतर सहा वर्षे मी धावले. मग माझ्या चाकांचा आस मोडला. मला इथे सोडताना सहदेवने मैनाबाईंना विचारले, "रामरावभाऊची आठवन म्हनून वाल घरी नेता काय?"

"घरी नेऊन काय करू? चालत्या गाडीत टाक."

काल ते वाल मूर्तिजापूरच्या एका मोटारीत बसले. ती निघून गेली, तेव्हा मी तिचा आवाज रस्ता संपेपर्यंत ऐकला.

मित्रांनो, यंत्राचा आवाज बदलला की थांबून ऐका. वेळेवर तेलपाणी करा. आणि तुम्ही जिवापाड जपलेल्या वस्तूसाठी कोणी दारात येऊन उभे राहिले, तर त्याला एकदम नाही म्हणू नका.