दहातली एक मशीन

"अजून तितंच अडून हाय का जी, सर?" बायजाबाईनं दारातून विचारलं.

पडद्यावरची पट्टी चौथ्यांदा त्याच जागी थांबली होती. खाली एकच ओळ: संगणकाचे भाग तपासत आहे. पुढे हूं की चूं नाही.

आंधळगावजवळच्या या शाळेत अश्विन नऊ वर्षं कंत्राटावर संगणक शिकवत होता. मार्चमध्ये सरकारी योजना संपली. मुख्याध्यापक वासुदेवरावांनी एक वाट ठेवली होती: आज चारला संस्थेची मंडळी येतील, तोवर बंद पडलेल्या दहांतली एक तरी मशीन सुरू करून दाखव, संस्था तुला ठेवेल. फुकटातलं लिनक्स चढवायचं, एवढंच. एवढंच! सांगणाऱ्याचं काय जातं?

त्यानं नेटवर्कचं कार्ड काढून पाहिलं, मेमरी पुसून बसवली. पट्टी ढिम्म. शेवटी मशीनच आडवी पाडून आत पार तळापर्यंत बॅटरी मारली. बोर्डावर हिरवट गंज, वाळलेलं कुंकू आणि तांदळाचे दाणे. दुसरी उघडली, तिसरी उघडली. दहाही मशीनींत तेच.

"मावशी, हे कुंकू कोनं लावलं?"

"मीच त जी!" बायजाबाई खुशीत म्हणाली. ती शाळेची झाडलोट करायची. "तुमी दर साली दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाता. मंग तुमच्या मशीनीची पूजा कोन करन? कुंकू, तांदूळ, वरच्या जाळीतून नारळाचं पानी. एक साल चुकवलं नाही मी. तुमचं पोट हाय ना तिच्यावर."

अश्विनला हसावं की रडावं कळेना. जोरात ओरडावंसं मात्र वाटलं. पण नवरा गेल्यापासून तिचंही पोट याच शाळेवर होतं, आणि तीही कायम नव्हती.

चारला मंडळी आली. "नेमका बिघाड काय हाय?" वासुदेवरावांनी विचारलं. बायजाबाई चहा घेऊन मागेच उभी होती.

"मलेच नाही जमलं, सर."

"मंग नऊ साल पोरायले काय शिकवून राहिले होते?" एक जण म्हणाला. बाकीचे हसले. अश्विनला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो मान खाली घालून उभा राहिला.

मंडळी गेल्यावर बायजाबाईनं उरलेला चहा त्याच्यापुढे ठेवला. "मन लहान नोका करू, सर. औंदा दसऱ्याले दोन नारळ फोडीन मी."

"फोडा, मावशी," तो म्हणाला, आणि एकेका मशीनचं झाकण बसवू लागला.