सोवळी इंग्रजी

परशुरामपंतांना इंग्रजी येत होती हे खरं, पण ती त्यांना पसंत नव्हती. कल्याणातल्या एका खाजगी इंग्रजी शाळेचे ते हेडमास्तर. ज्या भाषेवर घरची चूल पेटत होती तिच्यातच त्यांना खोट दिसू लागली, आणि खोट दिसली की ती काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आपली स्वतःची सोडून दुनियेतली प्रत्येक खोट त्यांना दिसायची.

झालं असं, की ठाण्याला एका पाद्र्याच्या सामानाचा लिलाव झाला. तिथून पंतांनी एक लॅटिन व्याकरण आणि एक जाडजूड इंग्रजी कोश उचलून आणला. कोशात प्रत्येक शब्दापुढे त्याचं कूळ दिलेलं. पंतांनी पाहिलं, तर धर्म, न्याय, विद्या, राज्यकारभार यांचे इंग्रजी शब्द बहुतेक लॅटिनच्या घरचे; आणि दूध, पाणी, घर, माती, आई, मूल हे सगळे सॅक्सन नावाच्या कुणा लोकांचे, जे पंतांच्या समजुतीप्रमाणे रानात राहत आणि कातडी पांघरत. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, असेल बुवा. पंतांनी मात्र तिथल्या तिथे शब्दांच्या पंक्ती वेगळ्या मांडल्या. लॅटिन म्हणजे साहेबाची गीर्वाणवाणी. तिचे शब्द सोवळे. सॅक्सन ते सगळे ओवळे. इतकी वर्षं आपण ओवळी इंग्रजी बोललो, या विचाराने त्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

मग शुद्धीकरण सुरू झालं. शाळेत पोटासाठी ती बाटकी भाषा बोलणं भाग होतं, पण घरी आले की पंत मुकटा नेसून ओसरीवर बसत, कोश पुढ्यात ओढत आणि एकेक ओवळा शब्द खणखणीत आवाजात उच्चारून त्यावर काट मारत. त्याच्या जागी लॅटिन मुळापासून आपण घडवलेला नवा शब्द बसवत. 'मिल्क' गेलं, 'लॅक्टेशिया' आलं. 'वॉटर' गेलं, 'अ‍ॅक्विटेशन' आलं. 'काऊ' गेली आणि तिच्या जागी 'बोव्हिनेरिया' येऊन उभी राहिली. 'इज' आणि 'द' हे बारके शब्दसुद्धा सॅक्सनच निघाले, तेव्हा पंतांनी त्यांनाही हाकललं. त्यामुळे त्यांच्या वाक्यांना सांधेच उरले नाहीत. साहेबाला जे हजार वर्षांत सुचलं नाही ते आपण पारनाक्यावर बसून करतो आहोत, असं ते आल्यागेल्याला ऐकवत. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर तो मान डोलवायचा, आणि येत असेल तर मान खाली घालायचा.

पण एक अडचण होती. ओवळा शब्द रद्द करायचा तरी आधी तो तोंडातून काढावा लागतो. म्हणजे तोंड विटाळलं. म्हणून बैठक उठली की पंत स्नान करीत. मध्येच 'मड' किंवा 'डंग' असला एखादा फारच हीन शब्द निघाला, तर तेवढ्यासाठी उठूनही करीत. आणि विहिरीचं पाणी ओढायचं कुणी? त्यांच्या बायकोने, आवडाबाईने.

आवडाबाईला लॅटिनची ओळख झाली ती अशी, रहाटावर. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. एकदा ती चिडून म्हणाली, "ते तुमचे सॅक्सन मेले कधीच मरून गेले. त्यांच्या सुतकाचं पाणी मी का ओढायचं?"

"तुला नाही समजायचं," पंत म्हणाले. त्यांचं हे ठरलेलं उत्तर होतं.

तिला समजत होतं. नवरा वाया गेला आहे, एवढं तिला स्वच्छ समजत होतं. पण घरात बोलायला दुसरं मोठं माणूस नाही, म्हणून कळशी नेता नेता ती विचारायची, "आत्ता ओरडलात ते काय?" पंत नाक मुरडून अर्थ सांगत. त्यांनी घडवलेले सोवळे शब्द हातभर लांबीचे. त्यातला एकही तिच्या डोक्यात राहिला नाही. ओवळे मात्र आखूड, तोंडात मावणारे. 'चाइल्ड' म्हणजे मूल. 'थ्रोट' म्हणजे घसा. 'ब्रेथ' म्हणजे श्वास. प्रत्येकामागे एक बादली ओढलेली, मग ते विसरणार कसे?

चार बाळंतपणांतून आवडाबाईच्या पदरात एकच मूल राहिलं होतं, सहा वर्षांची शकू. त्या पौषात शकूचा घसा धरला. आधी ताप आला, मग तोंड उघडेना, मग लाळही गिळवेना. ती ओठांच्या कडेने गळू लागली. वैद्यांनी लेप दिला, काढा दिला, आणि तिसऱ्या दिवशी पोरीचं तोंड कसंबसं उघडून आत पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "आत मोठं गळू आहे. ते फोडायला हवं, आणि ते माझ्या हातचं काम नाही. ठाण्याचा सर्जनसाहेब सकाळपासून ठाकुर्लीला आलाय, रुळांवरचा कुणी मजूर जखमी झालाय म्हणून. परतीची गाडी धरायला तो इथल्या स्टेशनाजवळच्या बंगल्यात येईल. दुपारच्या गाडीच्या आत पोरीला त्याच्यापुढे न्या. उद्यावर टाकू नका."

आवडाबाईने लगेच पोरीला शालीत गुंडाळलं. पंढरी नावाचा गाडीवान समोरच गवत उतरवत होता, त्याची बैलगाडी थांबवली. पंत कुठे आहेत म्हणून पाहते, तर ते आत अंगरख्याचे बंद बांधत होते. मग पगडी आली. मग उपरणं. मग त्यांनी कोनाड्यातून आपल्या शब्दांच्या कागदांची गुंडाळी काढून काखेत मारली.

"ती कशाला?" आवडाबाईने विचारलं.

"प्रसंग येतो," पंत म्हणाले.

बंगल्याच्या आवारात गाडी उभी राहिली तेव्हा साहेब व्हरांड्यात खुर्चीवर बसून चहा घेत होता. तरुण, लालबुंद, विलायतेहून येऊन फार दिवस झाले नसावेत; मराठीचं अक्षर त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा गोवेकर बटलर पायरीवर आला आणि पंतांना म्हणाला, "काय काम असा? सांग माका, हांव साहेबाक सांगतां." पंतांनी त्याला हातानेच बाजूला केलं. बटलरच्या इंग्रजीत तर सगळेच शब्द ओवळे; त्याच्या तोंडून आपलं म्हणणं साहेबापुढे जाणार म्हणजे काय! बटलरने खांदे उडवले आणि ट्रंक डोक्यावर घेऊन तो स्टेशनाकडे चालता झाला.

गाडीत आवडाबाई शकूला मांडीवर घेऊन बसली होती. तिथून व्हरांडा दिसत होता. पंत पायऱ्या चढले, लवले आणि बोलू लागले. आधी साहेबाचं स्तवन आलं. ते लांबलं. साहेबाने कप खाली ठेवला, कपाळाला आठ्या घातल्या, मान वाकडी करून ऐकलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटलं. त्याने काहीतरी विचारलं. पंतांनी गुंडाळी सोडली.

आता निघेल शकूचं नाव, आता निघेल, असं म्हणत आवडाबाई डोळे लावून बसली. साहेबाने अंगणातल्या कुत्र्याकडे बोट केलं. पंतांनी त्या कुत्र्याला एक भलंथोरलं नाव दिलं. साहेब मांडीवर थाप मारून हसला. त्याने आपल्या बुटाकडे बोट केलं. मग चहाकडे. मग आपल्या नाकाकडे. दरवेळी पंत कागद चाळत, शब्द शोधत, तो गाणं म्हणावं तसा म्हणत, आणि दरवेळी साहेब हसून हसून मागे रेलायचा. पंतांचं तोंड आनंदाने फुललं होतं. लग्नातसुद्धा आवडाबाईने ते तसं पाहिलं नव्हतं.

शकूचा श्वास घरघरत होता. पंढरी बैलांपाशी उभा होता, त्यालाही राहवेना. "आवं बाय, मास्तर कवा सांगतीन? पोरीचा दम कोंडतंय."

"सांगतील," आवडाबाई म्हणाली. पण तिला स्वतःलाच ते खरं वाटेना.

अखेर साहेबाने घड्याळ पाहिलं आणि तो उठला. त्याने पंतांच्या हातातला एक कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात घातला. पंत कमरेत वाकून मागे मागे चालत पायऱ्या उतरले आणि गाडीपाशी आले. घामाने पगडी भिजली होती.

"साहेब प्रसन्न झाले!" ते म्हणाले. "कागद मागून घेतला! स्वतः!"

"अन् शकू?"

पंतांनी तिच्याकडे पाहिलं, मग शालीतल्या पोरीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काहीच उमटलं नाही. मग हळूहळू उमटलं. "अरेच्चा," ते म्हणाले. "तो विषय राहिलाच. पण आता पुन्हा जाणं बरं दिसेल का? साहेबांना गाडी आहे."

आवडाबाईला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला नाही. किळस आली. एवढी वर्षं ती याच्या वेडाला हसत होती, कधी कीव करत होती. त्या दोन्ही गोष्टी तिथेच संपल्या. तिने पदर खोचला, पोरीला खांद्यावर टाकलं आणि ती गाडीतून उतरली. ब्राह्मणाची बाई, भरदिवसा, परक्या साहेबाच्या बंगल्याच्या पायऱ्या धडाधड चढून गेली. मागून पंत "अगं! अगं!" करत राहिले.

साहेब टोपी घालून निघतच होता. आवडाबाई त्याच्या वाटेत उभी राहिली. तिने शाल बाजूला केली, पोरीचं सुजलेलं गालफड पुढे केलं आणि मोठ्याने म्हणाली, "चाइल्ड!" तिच्या गळ्याला बोट लावलं. "थ्रोट! वॉटर नो! मिल्क नो! ब्रेथ... ब्रेथ नो!"

साहेबाचं हसू जागच्या जागी पुसलं गेलं. त्याने टोपी भिरकावली. पोरीचं तोंड उन्हाकडे वळवलं, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली आणि आत पाहून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. मग खुर्चीजवळच्या हत्यारांच्या पेटीतून एक बारीक पातं काढलं, टोक तेवढं उघडं ठेवून त्याला चिंधी गुंडाळली आणि आवडाबाईला खुणेने सांगितलं, घट्ट धर. तिने धरली. पू आणि रक्त भसकन बाहेर आलं, तिच्या लुगड्यावर, साहेबाच्या बाहीवर. आणि शकू रडली. तीन दिवसांत तिच्या तोंडून आवाज फुटला नव्हता. आवडाबाईही तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडली आणि त्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

साहेब तिच्याशी काहीतरी मऊ आवाजात बोलला. मग त्याने आवारात उभ्या असलेल्या पंतांकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं, आणि तो गाडी गाठायला निघून गेला.

परतीच्या वाटेवर पंत म्हणाले, "सहा शब्द. सहाही ओवळे. माझ्या घरात असं बोलतात, असं वाटलं असेल त्यांना." आवडाबाई शकूला पाण्याचे थेंब पाजत होती आणि ते उतरताना पाहत होती. त्या दिवसापासून पंतांच्या स्नानाचं पाणी पंतच ओढू लागले. त्याची चर्चा घरात झाली नाही.

महिनाभराने शाळेतला दुसरा मास्तर श्रीपाद ठाण्याहून बातमी घेऊन आला. सर्जनसाहेबाने पंतांचा कागद तिथल्या साहेब लोकांच्या क्लबात मोठ्याने वाचून दाखवला होता. सांगताना श्रीपाद बिचारा चाचरत होता. "साहेब लोक फार... फार हसले म्हणतात. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. पुन्हा पुन्हा वाचायला लावलं."

"प्रसन्न झाले!" पंत ओरडले. "क्लबात वाचलं! अहो, मोठमोठे अंमलदार बसतात तिथे!" आणि त्यांनी श्रीपादलाच पैसे देऊन पेढे आणायला पिटाळलं.

आवडाबाई दाराआडून ऐकत होती. तो हसण्याचा प्रकार तिने डोळ्यांनी पाहिला होता. जाऊन सांगावं का, की अहो, ते तुम्हाला हसतात, माकडाला हसावं तसे हसतात? तिने पंतांच्या तोंडाकडे पाहिलं. शकू मरणाच्या दारातून परत आली तेव्हा या माणसाने देवापुढे चिमूटभर साखर ठेवली नव्हती. तिने सांगायचं रद्द केलं. राहू दे त्याला त्याच्या सुखात.

पेढे आले. पंतांनी ताट तिच्या हाती दिलं आणि आळीत घरोघर द्यायला सांगितलं. स्वतः ते ओसरीवर येऊन बसले, लोक विचारतील ते ऐकायला. समोरची हौसाबाई दारातच भेटली. शकू आईचं लुगडं धरून मागे उभी होती.

"कसले गं पेढे?" हौसाबाईने विचारलं.

आवडाबाईने पहिला पेढा शकूच्या हातात दिला. मग ओसरीपर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली, "शकूचे! पोर जगली त्याचे. महिना झाला, वाटायचे राहून गेले होते."

हौसाबाईने शकूच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि पेढा घेतला. ओसरीवर पंत उठून उभे राहिले होते. आवडाबाई तिकडे न बघता पोरीला घेऊन पुढच्या घरी गेली, आणि तिथेही तिने तेच सांगितलं.